खोगिराआधीची मांड

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातली दगडी शिल्पं आहेत. असिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल (इ.स.पू. 883–859) याच्या लढाया आणि शिकारी त्यांत कोरल्या आहेत. त्यातले घोडेस्वार नीट पाहावेत. ते जोडीजोडीने दौडतात. एकाने धनुष्य ताणलेलं असतं आणि शेजारच्याच्या हातात दोन्ही घोड्यांचे लगाम असतात. म्हणजे तिरंदाज ज्या घोड्यावर बसलाय, तो हाकतोय भलताच! रथातली योद्ध्या-सारथ्याची जोडी जशीच्या तशी उचलून दोन घोड्यांवर बसवलेली. घोडदळाच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि त्याची अडचण उघड दिसते. घोड्याची पाठ उघडी, नाहीतर फार तर तिच्यावर एक कापड. रिकीब नाही, खोगीर नाही. लगाम सोडून दोन्ही हात धनुष्याला द्यायची छाती अजून कुणाची होत नव्हती.

पुढे दोनेकशे वर्षांनी असिरियाच्याच अशुरबनिपाल राजाच्या शिकारीच्या शिल्पांत राजा एकटाच घोडा दामटत बाण सोडताना दिसतो. खोगीर तेव्हाही नव्हतंच. लगामाला गोंडा लटकवून तो जागेवर राहील अशी एक युक्ती तेवढी निघाली होती. बाकी सगळी सुधारणा झाली ती मांडीत.

माणूस घोड्याच्या पाठीवर मुळात बसू शकला, याची कुळकथा आणखी मागे जाते. 2021 साली जुन्या हाडांतल्या डीएनएचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजच्या पाळीव घोड्यांचं कूळ त्यात व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यात सापडलं. तिथून ते इ.स.पू. 2000च्या आसपास झपाट्याने सगळीकडे पसरलं. या कुळात दोन जनुकं विशेष निवडली गेलेली दिसतात. एकाचा संबंध पाठीच्या मजबुतीशी असावा, दुसऱ्याचा स्वभावाच्या शांतपणाशी. पाठ दणकट हवी हे कुणीही सांगेल. शांत स्वभावाची गरज मात्र घोड्याच्या बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही. मोकळ्या माळावर घोड्याच्या पाठीवर उडी घेणारा प्राणी एकच, तो म्हणजे शिकारी. घोड्याला डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे जवळजवळ चौफेर दिसतं. दिसत नाही त्यात नेमकं शेपटीमागचं आणि पाठीवरचं येतं. माशी बसली तरी तेवढंच कातडं थरथरवणारा हा प्राणी अख्ख्या माणसाचं ओझं नेमक्या त्या जागी मुकाट्याने बसू देतो, हे खरं तर आक्रीतच.

ते कसं घडवून आणायचं, यावर झेनोफन या ग्रीक सेनानीने इ.स.पू. चौथ्या शतकात एक छोटं पुस्तक लिहिलं. घोडेस्वारीवरचं इतकं जुनं आणि आजही कामाला येणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. त्याच्या काळी ग्रीक स्वार उघड्या पाठीवर किंवा नुसत्या घोंगडीवर बसत. अथेन्समधल्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पपट्टीवरचे स्वारही तसेच आहेत. झेनोफन सांगतो की खुर्चीत बसल्यासारखं बसू नये. पाय फाकून उभं राहिल्यासारखं असावं. मांड्यांनी धरावं आणि गुडघ्याखालचा पाय सैल सोडावा. घोडा घेतानाही तो पाठ बघायला सांगतो. मणक्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेली पाठ बसायला मऊ. उघड्या पाठीवर एकदा दुडकी चाल सोसलेल्या कुणालाही हा सल्ला पुन्हा सांगावा लागणार नाही!

त्याचं खरं शहाणपण मात्र भीतीच्या प्रकरणात आहे. घोडा एखाद्या वस्तूला बुजला, तर त्याला मारून-मुटकून पुढे नेऊ नका, असं तो बजावतो. कारण अशा वेळी फटका बसला की घोडा समजतो, दुखलं ते त्या वस्तूमुळेच. त्यापेक्षा स्वतः हात लावून दाखवा आणि त्याला हळूहळू जवळ आणा. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊच नका. शिंगराची भूक, तहान आणि माश्यांचा जाच माणसाच्या हातून मिटला पाहिजे, म्हणजे ते माणसाची वाट पाहू लागतं. आणि हात फिरवावा तो घोड्याला आवडतो तिथे, जिथे त्याचं त्याला पोचता येत नाही अशा जागी. मोतद्दाराच्या खराऱ्याचं सगळं शास्त्र या एवढ्यात आलं.

याहून पुढे गेले ते उत्तर आफ्रिकेतले नुमिडियन. त्यांना खोगीर नव्हतंच, लगामही नव्हता. गळ्यात एक दोरी आणि हातात काठी. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या सैन्यात त्यांनी रोमनांना हैराण केलं. इ.स.पू. 202 मध्ये झामाच्या लढाईत नुमिडियन राजा मासिनिसाने तेच घोडदळ रोमच्या बाजूला आणलं आणि हॅनिबल हरला.

खोगीर आलं ते दुसरीकडून. अल्ताय पर्वतात पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांत नमद्याच्या, आत भर घातलेल्या गाद्या सापडल्या. चीनच्या तुर्फान भागात एका स्त्रीच्या कबरीत निघालेलं चामडी खोगीर तर त्यांच्याही आधीचं असू शकतं. पुढे या गादीत लाकडी सांगाडा बसला. त्याने वजन मणक्यावरून उचललं आणि दोन बाजूंना वाटून टाकलं. माझ्या मते खोगिराचं खरं मोल इथे आहे. त्याने स्वाराचं भलं केलं ते वेगळं, पण पहिला सुटकेचा श्वास घोड्याने टाकला असेल.

रिकीब मात्र निव्वळ माणसाच्या सोयीची. तिच्या कुळकथेत आपल्याकडचाही धागा आहे. सांचीच्या शिल्पांत स्वाराच्या पायाशी पट्टा दिसतो, आणि भाज्याच्या लेण्यातल्या घोड्यावरच्या स्त्रियांच्या पायी रिकीब असल्याचं कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामींनी नोंदवलं होतं. अनवाणी पायांच्या देशात अंगठा अडकवायला दोरीची कडी पुरते. बूट घालणाऱ्या थंड मुलखात तिचा उपयोग काय? चीनमध्ये चांगशाच्या इ.स. 302च्या मातीच्या बाहुलीत एकच रिकीब आहे, तीही बहुधा चढण्यापुरती. 415 साली वारलेल्या फेंग सुफू या सरदाराच्या थडग्यात मात्र पुरी जोडी निघाली. त्यानंतर स्वार पायांवर भार देऊन उभा राहू लागला आणि कच्ची मांडही खपून जाऊ लागली.

म्हणूनच असेल, व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवख्याला अजूनही कित्येक महिने रिकीब आणि लगाम न देता लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवतात. खोगीर तेवढं ठेवतात, आणि ते शहाणपणाचं आहे. उघड्या पाठीची स्वारी घोड्याला जास्त सुखाची, हा आजच्या हौशी स्वारांचा समज मला भाबडा वाटतो. पाठीवरचा दाब मोजणाऱ्या प्रयोगांत खोगिराविना स्वाराचं वजन त्याच्या बैठकीच्या दोन हाडांखाली एकवटलेलं आढळलं. तेव्हा बिनखोगिराची स्वारी शिकावी जरूर, पण थोडा वेळ, बहुतेक संथ चालीवर, आणि मांसल पाठीच्या शांत घोड्यावर.

तोल गेला की हात आपोआप आयाळीला जातो, मान पाठीला मिळते त्या उंचवट्याशी. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात तेही याच भागात. 1993च्या एका अभ्यासात फ्रान्समधल्या कामार्गच्या घोड्यांना माणसांनी तिथे खाजवलं, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. दुसऱ्या जागी खाजवून तसं झालं नाही. चढण्याआधी त्या जागी चांगलं खाजवून द्यावं. घोडा मान ताणून वरचा ओठ हलवू लागला, की हात बरोबर जागी पडलाय.