योगाचा तास की पिलाटेसचा?

कुणी कोणता व्यायाम करावा हे वैद्याने सांगावे. इतिहासाच्या शिक्षकाने त्यात कशाला पडावे, असे आपल्याला वाटेल. पण हल्ली शहरांतल्या जिममध्ये योग आणि पिलाटेस असे दोन तास असतात आणि त्यांतला एक निवडताना लोक इतिहासाचाच आधार घेतात. योग हजारो वर्षांचा आणि आपला, पिलाटेस कालचे आणि परके, असे म्हणतात. पुण्यात संगणकासमोर बसून कंबर धरलेल्या माझ्या पुतणीने फोनवर मला हेच विचारले. तेव्हा हा इतिहास जरा तपासून पाहू.

योगावर हक्क सांगायचाच तर आपल्या बीड जिल्ह्याने तो आधी सांगावा. आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबाला मच्छिंद्रनाथांची समाधी असल्याचे परंपरा सांगते. पाटोद्याकडे गहिनीनाथांचा गड आहे. हे गहिनीनाथ निवृत्तिनाथांचे गुरू आणि निवृत्तिनाथ ज्ञानेश्वरांचे. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे वर्णन येते, त्याचे धागे या नाथांपर्यंत पोचतात.

पण नाथांचा योग म्हणजे कंबरदुखीचा उपाय नव्हता. श्वास, ध्यान आणि शेवटी मोक्ष, अशी ती वाट होती, आणि ती गुरूने एखाद्या शिष्यालाच दाखवायची. हठप्रदीपिकेत आसने सांगितली आहेत ती पंधरा, त्यातही बरीच बसून करायची. सूर्यनमस्कार त्यात नाहीत. तासाची फी भरून तीस जणांनी एका दालनात करायचा योग तर नाहीच नाही.

हा तासाचा योग घडला तो गेल्या शतकात, आणि मोठ्या प्रमाणावर आपल्या महाराष्ट्रात. 1918 साली श्री योगेंद्रांनी मुंबईत संस्था काढली. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. आसने करताना शरीरात काय होते, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि रक्तदाब मोजून पाहिले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. 1937 साली म्हैसूरहून पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी पुढे पट्टे, दोर आणि लाकडी ठोकळे यांच्या मदतीने अवघडलेल्या माणसांनाही आसने शक्य करून दिली.

आता पिलाटेसकडे वळू. जोसेफ पिलाटेस हे माणसाचे नाव. 1883 साली जर्मनीत जन्मलेला हा मुलगा लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार होता. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता, म्हणून शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून छावणीत डांबला गेला. आपली व्यायामपद्धती त्याने या छावणीत घडवली, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खाटेला स्प्रिंगा बांधल्या, असे सांगितले जाते. 1926च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला. तिथे दुखापत झालेले नर्तक त्याच्याकडे येऊ लागले. 1945च्या त्याच्या पुस्तकात चटईवर करायचे 34 व्यायाम आहेत. तो स्वतः या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे ताब्याचे शास्त्र म्हणे. पिलाटेस हे कुणा एकाच्या मालकीचे नाव नाही, असा निकाल अमेरिकेतल्या न्यायालयाने 2000 साली दिला आणि मग हे वर्ग जगभर पसरले.

थोडक्यात, लोणावळ्याची प्रयोगशाळा आणि न्यूयॉर्कचा स्टुडिओ एकाच दशकातले. जिममधले दोन्ही तास जवळपास एका वयाचे आहेत. तेव्हा आपले-परके हा निकष इथे फारसा कामाचा नाही.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट. 17 सप्टेंबर 1948पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. तिथे आखाडा काढायचा तर सरकारी परवानगी लागे. चार पोरे दंड-बैठका मारायला जमली, तरी ती डोळ्यांत खुपत. 1938-39च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागे आखाड्यांवरची ही बंधनेही होती. ज्या मुलखात घाम गाळायलाही परवाना लागे, तिथल्या मुलीने दोन तासांपैकी कुठला घेऊ असे विचारावे, हे थोडके नाही. कारण तालमी होत्या तेव्हाही त्या पुरुषांच्याच होत्या.

आणि ही निवड अजून सगळ्यांची झालेली नाही. आपल्याकडची ऊसतोड करणारी बाई पहाटेपासून उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहते. अशा बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 साली राज्य सरकारला चौकशी करावी लागली. तिच्या कमरेला योगही नको आणि पिलाटेसही नको. आधी विश्रांती हवी, आणि खरे सांगणारा डॉक्टर हवा.

पुतणीला मी एवढेच सांगितले. पिलाटेसचा भर पोट-पाठीच्या स्नायूंच्या बळावर आणि हालचालीच्या नेमकेपणावर. योगाचा ताण देण्यावर, श्वासावर, शांत होण्यावर. जुनाट कंबरदुखीत दोन्हींनी थोडाफार आराम पडतो, असे अभ्यास सांगतात. मात्र पायात मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर आधी डॉक्टर गाठावा. रक्तदाब जास्त असणाऱ्याने शीर्षासनाच्या नादी लागू नये. यंत्रांवरचे पिलाटेस महाग पडते. चटईवरचे आणि योग मात्र एकदा नीट शिकले की घरच्या सतरंजीवरही होतात. दोन्ही तासांना एकेकदा जाऊन बसावे. जो शिक्षक आधी ‘कुठे दुखते?’ असे विचारील आणि दुखताच थांबायला सांगेल, त्याचा तास घ्यावा.