चार खोल्या आणि तीन कायदे

घरमालक होणं माझ्या कुंडलीत नव्हतं, ते वारसाहक्कानं आलं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला चार खोल्यांचा वाडा 1978 मध्ये वडिलांमागून माझ्याकडे आला आणि त्यातल्या दोन खोल्यांबरोबर एक मास्तरही आले. भाडं महिना 25 रुपये. मित्र म्हणायचे, "मजा आहे बुवा, घरबसल्या उत्पन्न!" यांतल्या एकानंही कधी मृगाच्या आधी धाब्यावर माती चढवली नव्हती.

तसा आमच्या गावाला मुक्कामाला येऊन राहणाऱ्यांचा अनुभव जुना आहे. मलिक अंबरानं 1610 मध्ये खडकी वसवली, खापरी नळांतून पाणी आणलं आणि पाठोपाठ मोगल राहायला आले. रजपूत सरदारांचे तळ पडले, त्यांचे जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा झाले. खुद्द औरंगजेब 1682 मध्ये मोहिमेसाठी म्हणून आला, तो दिल्लीला परत गेलाच नाही. 1707 मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि खुलताबादेत कायमचा राहिला. तेव्हा "थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे" म्हणणाऱ्या माणसाला जागा देताना आमच्या गावानं तरी विचार करायला हवा होता.

मास्तर 1952 मध्ये थोड्या दिवसांसाठीच आले होते. तेव्हा भाडं हाली रुपयांत होतं. निजामाचे सात हाली म्हणजे सहा कलदार. पुढं हाली गेले, निजामाचं राज्य तर आधीच गेलं होतं. मास्तर राहिले.

एकदा धाब्याच्या दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तडक वकिलांकडे गेलो. म्हटलं, भाडं वाढवायचंय, नाहीतर जागा खाली करून घ्यायचीय. वकिलांनी चष्मा पुसला.

"साहेब, आपण महाराष्ट्रात आलो, आपलं भाडं आलेलं नाही."

म्हणजे असं, की 1960 मध्ये राज्य एक झालं, पण भाड्याचे कायदे तीनच राहिले. मुंबईकडे 1947 चा, विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा 1949 चा हुकूम आणि मराठवाड्यात हैदराबादचा 1954 चा. एकाच राज्यातल्या घरमालकांनी रडायचं, तेही तीन वेगवेगळ्या कलमांखाली! मुंबईत तर पुष्कळ जागांचं भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्यावर गोठलेलं होतं. महायुद्धानंतरच्या टंचाईत गरिबाला रस्त्यावर काढू नये म्हणून केलेला तात्पुरता कायदा. त्याला मुदतवाढ मिळत गेली. टंचाई खरी होती आणि माणसंही. पण गोठलेल्या भाड्यात गळका वाडा कसा सांभाळायचा, हे कोणत्याच कलमात नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानंही 1997 मध्ये सांगितलं की, हे असं गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही.

"मग दावा टाकू?" मी विचारलं.

"टाका की. नातवाच्या मुंजीपर्यंत निकाल लागेल."

मला तेव्हा मुलगाही नव्हता.

दावा मात्र मी टाकला नाही. त्याच पावसाळ्यात माझी नांदेडला बदली झाली. एका रात्री आई ओसरीवर घसरून पडली. मास्तरांनी तिला रिक्षात घालून घाटीत नेलं आणि मी पोचेपर्यंत तीन दिवस मास्तरीणबाई तिच्या उशाशी होत्या. पुढच्या पहिल्या तारखेला मास्तरांनी नेहमीप्रमाणे 25 रुपये आणून दिले. मी नको म्हणालो, तर रागावले.

"मालक, ते वेगळं अन् हे वेगळं. पावती द्या. आणि मधल्या खोलीत पाणी गळायलंय, तेवढं बघा."

तीन कायद्यांच्या जागी एक नवा कायदा आला, तो 31 मार्च 2000 पासून. दरसाल शेकडा 4 वाढ मिळणार म्हणून मी आनंदानं हिशेब केला. वाढ आली एक रुपया.

2003 मध्ये मास्तर मुलाकडे पुण्याला निघाले. मित्रांनी बजावलं होतं की, जागा सोडायला लाखभर तरी मागतील. मास्तरांनी किल्ली पुढं केली आणि शेवटच्या महिन्याची पावती मागितली. मग तारेत ओवलेला पावत्यांचा गठ्ठा काढून ती त्यात ओवली. सगळ्यात खालची पावती वडिलांच्या अक्षरातली, हाली रुपयांची. गठ्ठा ते बरोबर घेऊन गेले. त्या रात्री मला झोप आली नाही. रिकाम्या खोल्यांचा आवाज होतो, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही.

आता वाळूजच्या कारखान्यातली मुलं राहतात. अकरा महिन्यांचा करार. तोही लेखी आणि नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. चुकलात तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भाडं मोबाइलवर येतं, पावती कोणी मागत नाही. जागा बघायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न, "काका, पाणी किती दिवसांनी येतं?" अशा वेळी मला मलिक अंबराची फार आठवण होते.

गावाचं नाव 2023 मध्ये बदललं, माझं पावतीपुस्तक जुन्याच नावाचं आहे. परवा पहिल्या पावसात वरून हाक आली, "काका, गळतंय!" बरं वाटलं. राज्यं बदलली, कायदे बदलले, भाडेकरूही बदलले. धाबं तेवढं अजून माझ्याच नावावर आहे.