घोडा, मोटार आणि सायलेन्सरमधला धातू : वाहनचोरीमागे धावणारा कायदा

मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियम नावाच्या धातूचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या घरात पोहोचला. सोने त्या वेळी औंसाला १,७०० डॉलरच्या आसपास होते. ऱ्होडियमचे नावही अनेकांनी ऐकलेले नसते. पण ज्याच्या दारात आधुनिक पेट्रोल मोटार उभी आहे, त्याच्या मालकीचा या धातूचा कण तरी असतोच. इंजिनातून निघणाऱ्या नळीवर एक फुगीर डबा बसवलेला असतो. तो म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आतल्या जाळीदार विटेवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो. सगळे मिळून वजन काही ग्रॅम.

हा डबा चोरायला कुलूप फोडावे लागत नाही, किल्ली लागत नाही, गाडी चालवता येण्याचीही गरज नाही. गाडीखाली शिरून बॅटरीवरच्या करवतीने नळी दोन ठिकाणी कापली की दोन-तीन मिनिटांत काम संपते. सकाळी मालक गाडी सुरू करतो आणि सायलेन्सर नसलेल्या ट्रॅक्टरसारखा आवाज येतो, तेव्हा चोरी उघडकीस येते.

अमेरिकेत विमा कंपन्यांकडे अशा चोरीचे २०१८ मध्ये १,२९८ दावे आले होते. २०२० मध्ये ते १४,४३३ झाले आणि २०२२ मध्ये ६४,७०१. हे फक्त विम्यापर्यंत पोहोचलेले आकडे.

आता प्रश्न असा की या चोराने नेमके काय चोरले? वाहन तर जागेवरच आहे. ही वाहनचोरी म्हणायची की किरकोळ भुरटी चोरी? कायद्याची अशी पंचाईत पहिल्यांदाच झालेली नाही. ती समजून घ्यायची तर घोड्यापासून सुरुवात करावी लागते.

सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घोडा म्हणजे शेतकऱ्याचे पोट आणि प्रवाशाचे पाय. आणि घोडा हा चोराच्या दृष्टीने आदर्श माल : चोरलेली वस्तूच चोराला पळवून नेते. त्या काळी वाचता येणाऱ्या आरोपीला पहिल्या गुन्ह्यात फाशीतून सूट मिळत असे. मूळची ती पाद्र्यांची सवलत. सहाव्या एडवर्डच्या पहिल्या वर्षी, १५४७ मध्ये, घोडेचोरांची ही सवलत कायद्याने काढून घेतली गेली. पण कायद्याच्या शब्दांत ‘घोडे’ असे अनेकवचन होते. एकच घोडा चोरणाऱ्याला तो लागू होतो का, अशी शंका न्यायाधीशांना आली आणि ती दूर करण्यासाठी पुढच्याच वर्षी नवा कायदा करावा लागला. अठराव्या शतकातील विधिपंडित ब्लॅकस्टोन याने हा किस्सा नोंदवून ठेवला आहे. वरवर पाहता तो हास्यास्पद वाटतो. पण माणसाचा जीव घेणारा कायदा ताणून वाचायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व मुळीच हास्यास्पद नव्हे.

फाशीने चोऱ्या थांबल्या नाहीत. अधिक शहाणपणाचे पाऊल वेगळेच होते. १५५५ च्या कायद्याने जत्रेत घोड्याची विक्री उघड्यावर, दिवसाउजेडी करणे आणि जकातदाराच्या वहीत विकणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, घोड्याचा रंग आणि खूण लिहिणे बंधनकारक केले. १५८९ मध्ये त्यात भर पडली : विकणारा जकातदाराच्या ओळखीचा नसेल, तर त्याच्यासाठी कोणीतरी भरवशाचा माणूस उभा राहिला पाहिजे. शिवाय घोडा चोरीचा निघाला, तर मूळ मालकाला सहा महिन्यांच्या आत खरेदीदाराची किंमत चुकती करून तो परत घेता येई. चोराला पकडणे कठीण असेल तर त्याचा बाजार अवघड करा, हा विचार तेव्हाच कायद्यात आला होता. घोडेचोरीची फाशी मात्र १८३२ पर्यंत टिकली.

मोटार आली आणि घोड्याची सगळी दुखणी वेगाने परत आली. अमेरिकेत भर पडली ती राज्यांच्या सीमांची. मिसूरीत चोरलेली गाडी काही तासांत इलिनॉयमध्ये. आणि एका राज्याच्या पोलिसांचा अधिकार सीमेवर संपे. मिसूरीचेच प्रतिनिधी लिओनायडस डायर यांच्या पुढाकाराने २९ ऑक्टोबर १९१९ रोजी राष्ट्रीय मोटार वाहन चोरी कायदा झाला. चोरीची गाडी जाणूनबुजून राज्याबाहेर नेणे हा केंद्रीय गुन्हा ठरला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड.

या कायद्याचा सर्वांत गाजलेला उपयोग बँका लुटणाऱ्या जॉन डिलिंजरवर झाला. ३ मार्च १९३४ रोजी तो इंडियानातील क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून निसटला. त्याच्या हातात लाकडी पिस्तूल होते अशी आख्यायिका आहे. पळताना त्याने शेरीफचीच फोर्ड गाडी घेतली आणि ती इलिनॉयमध्ये नेली. त्याच्या बँक-दरोड्यांवर केंद्रीय तपास यंत्रणेला तोवर सरळ हात घालता येत नव्हता. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या चोरीच्या गाडीने तो अधिकार तिच्या हाती आयता दिला.

पण त्याच कायद्याच्या शब्दांनी एकदा सर्वोच्च न्यायालयाला अडवले होते. मॅकबॉयल नावाच्या इसमाने इलिनॉयमधून चोरलेले विमान ओक्लाहोमात नेवविल्याबद्दल त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली होती. कायद्यात मोटारी, ट्रक, मोटरसायकली आणि ‘रुळांवर धावण्यासाठी न बनवलेले इतर कोणतेही स्वयंचलित वाहन’ अशी व्याख्या होती. विमान स्वयंचलित आहे, रुळांवरही धावत नाही. मग ते वाहन का नव्हे? ९ मार्च १९३१ रोजी, वयाची नव्वद वर्षे पूर्ण केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल दिला : ‘वाहन’ म्हटल्यावर सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे जमिनीवर धावणारी वस्तू उभी राहते, कोणती रेषा ओलांडली की शिक्षा होईल हे कायद्याने लोकांना समजेल अशा भाषेत आधी सांगायला हवे. मॅकबॉयल सुटला. विमानाचा समावेश त्या कायद्यात १९४५ मध्ये झाला. एक घोडा आणि अनेक घोडे यांच्यातला तो जुना वाद चारशे वर्षांनी पंख लावून परत आला, असेच म्हणावे लागते.

इंग्लंडची अडचण आणखी निराळी होती. तिथल्या कायद्यानुसार चोरी सिद्ध होण्यासाठी मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा हेतू लागे. एखादा तरुण रात्री कोणाची तरी गाडी घेऊन भटकला आणि पहाटे गल्लीच्या तोंडाशी सोडून गेला, तर त्याला चोर म्हणता येईना. म्हणून १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यात, मालकाच्या संमतीविना गाडी घेऊन जाणे हा स्वतंत्र गुन्हा निर्माण करावा लागला. १९६८ च्या चोरी कायद्यातही तो वेगळाच राहिला.

भारतात ही पोकळी कधी नव्हतीच. मेकॉलेच्या मसुद्यावर आधारलेली आणि १८६० मध्ये संमत झालेली भारतीय दंड संहिता चोरीची व्याख्या करताना ‘कायमचे’ हा शब्द वापरत नाही. जंगम वस्तू अप्रामाणिक हेतूने, संमतीविना, दुसऱ्याच्या ताब्यातून हलवली की कलम ३७८ नुसार चोरी झाली. याची कसोटी लागली ती एका विमानावरच. १४ मे १९५२ रोजी जोधपूरच्या हवाई दल अकादमीतील के. एन. मेहरा या छात्राने, आदल्याच दिवशी अकादमीतून काढून टाकलेल्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन, एक हार्वर्ड विमान परवानगीविना उडवले. प्रशिक्षणासाठी त्याला नेमून दिलेले विमान होते डाकोटा. दोघे उतरले ते पाकिस्तानात. वाट चुकल्याचा त्यांचा बचाव टिकला नाही. विमान कायमचे ठेवून घ्यायचे नव्हते, हा मुद्दाही १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही : भारतीय कायद्यात तात्पुरते वंचित करणेही चोरीसाठी पुरेसे आहे. अमेरिकेत वाहन न ठरलेले विमान भारतात ‘जंगम वस्तू’ या साध्या शब्दांत सहज बसले. जुना, ढोबळ शब्द कधी कधी नव्या, नेमक्या शब्दापेक्षा जास्त टिकतो.

तरीही हे सगळे कायदे अख्ख्या वाहनाचा विचार करत होते. चोर मात्र तुकड्यांकडे वळले. गाडी गॅरेजात नेऊन रातोरात सुटी केली, तर इंजिन, दारे, बंपर यांची वेगवेगळी मिळून किंमत अख्ख्या गाडीपेक्षा जास्त येते. म्हणून अमेरिकेने १९८४ मध्ये, जास्त चोरीस जाणाऱ्या मॉडेलांच्या प्रमुख भागांवर ओळख क्रमांक घालण्याची सक्ती केली : इंजिन, गिअरबॉक्स, दारे, बॉनेट, बंपर इत्यादी. त्या यादीत कन्व्हर्टर नव्हता. गाडीखाली लोंबणारा तो काळवंडलेला डबा कोण चोरणार?

हा डबा गाडीखाली आला तोही कायद्यामुळेच. अमेरिकेत स्थायिक झालेला फ्रेंच अभियंता यूजीन हूद्री याने पन्नाशीच्या दशकात धूर शुद्ध करणारे असे यंत्र तयार केले होते. पण पेट्रोलमधले शिसे त्यातला उत्प्रेरक निकामी करी. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर शिसेविरहित पेट्रोल आले आणि १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर सर्रास बसू लागले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना ते अनिवार्य झाले. शहरांची हवा सुधारण्यासाठी सरकारांनी कोट्यवधी गाड्यांखाली थोडे थोडे मौल्यवान धातू ठेवले, आणि त्यावर ना क्रमांक होता ना मालकाचे नाव.

शिक्षेची गफलत इथेच होते. अनेक ठिकाणी चोरीची गंभीरता चोरलेल्या वस्तूच्या किमतीवर ठरते. भंगारात त्या डब्याचे जे काही शेकडो डॉलर येतील ते येवोत; मालकाला नवा बसवायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो आणि तोवर गाडी दारात पडून राहते. रोजंदारीवर गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने तो गाडी गेल्यासारखाच प्रकार. शिवाय पोलिसांना एखाद्याच्या डिकीत दहा कन्व्हर्टर सापडले, तरी ते कोणत्या गाड्यांचे हे सिद्ध करता येत नाही. मालक सापडत नाही, म्हणून चोरी सिद्ध होत नाही.

आणि ही चोरी निव्वळ भुरटी राहिली नाही. मार्च २०२२ मध्ये ह्यूस्टनमध्ये रजेवर असलेल्या एका शेरीफ-डेप्युटीने किराणा दुकानाबाहेर स्वतःच्याच ट्रकखाली शिरलेल्या चोरांना हटकले. त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी टेक्सासने त्याच्या नावाने कायदा केला आणि अधिकृत कारणाविना सुटा कन्व्हर्टर बाळगणे हाच गंभीर गुन्हा ठरवला. कॅलिफोर्नियाने २०२३ च्या आरंभापासून भंगारवाल्यांनी तो कोणाकडून घ्यावा यावर बंधने घातली. ब्रिटन या वाटेवर आधीच होते : तांबे आणि शिसे यांच्या चोरीला कंटाळून तिथे डिसेंबर २०१२ मध्ये भंगाराचे रोख व्यवहार बंद झाले आणि २०१३ च्या कायद्याने विक्रेत्याची ओळख पटवून नोंद ठेवणे सक्तीचे केले. जत्रेतल्या जकातदाराची वही भंगाराच्या दुकानात आली, एवढाच काय तो फरक.

या वहीचे महत्त्व २ नोव्हेंबर २०२२ रोजी दिसले. अमेरिकी न्याय खात्याने देशभर एकाच वेळी छापे घालून २१ जणांवर कारवाई जाहीर केली. त्यांत चोर होते, दलाल होते आणि डबे फोडून त्यातली पूड धातूशुद्धी कारखान्याला विकणारे व्यापारीही होते. सरकारने जप्तीसाठी मागितलेली रक्कम होती ५४.५ कोटी डॉलर. करवत चालवणाऱ्याच्या वाट्याला यातले किती आले असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही.

भारतीय दंड संहितेने हे ओळखले होते. साध्या चोरीला कलम ३७९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. पण चोरीच्या मालाचा सराईत व्यापार करणाऱ्याला कलम ४१३ खाली थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे.

महाराष्ट्रात आणि गुजरातेत ‘ईको’ गाड्यांचे सायलेन्सर चोरीस गेल्याच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत नोंदल्या गेल्या; कारण तेच, आतले धातू. नव्या संहितेच्या कलम ३०५ मध्ये माल किंवा प्रवासी वाहून नेणारे साधन चोरल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि अशा साधनातून एखादी वस्तू चोरल्यासही तेवढीच. सायलेन्सर ही वाहनातली वस्तू की वाहनाचाच अवयव? आणि घरापुढे उभी असलेली खासगी मोटार हे ‘प्रवासी वाहून नेणारे साधन’ आहे का? उत्तर एका बाजूने आले तर कमाल शिक्षा सात वर्षे, दुसऱ्या बाजूने आले तर तीन.