तबकडीवरची शीळ

परवा नातीने मोबाईलवर एक गाणं लावलं. "आजी, हेच ना तुझ्या दादांचं?" आधी खरखर, आणि मग जी. एन. जोशींचा आवाज. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ'! मी हातातली भाजी तशीच ठेवून बसले.

आमच्या दादांकडे चावीचा फोनो होता. ही तबकडी १९३०च्या दशकातली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीची. कवी बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे. कवी आणि गायक दोघेही १९०९ साली जन्मलेले आणि दोघेही कायदा शिकलेले. (वकिलांच्या हातून अशीही कामं होतात बरं!) जोशी पुढे एच.एम.व्ही.त ध्वनिमुद्रणाचं काम बघू लागले.

आता ऐकताना वाटलं, हे त्या काळी किती नवं असेल! तेव्हा तबकड्यांवर नाट्यपदांचा जोर. कविता कवी स्वतःच सभांमधून म्हणत. रविकिरण मंडळातल्या यशवंत, गिरीशांच्या काव्यगायनाला लोक जमत. पण ते ऐकायला तिथे जावं लागे. पूर्वी तर गायकाला भोंग्यासमोर उभं राहून मोठ्याने गावं लागायचं. १९२५ पासून मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण होऊ लागलं, आणि घरात गुणगुणावं तसं हळू गाणंही तबकडीवर उतरू लागलं. शिवाय एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात कविता बसवायची, तर तानांना वाव कुठला? म्हणून शब्द पुढे आले. भावगीत आपल्या घरात आलं ते असं.

खरं सांगू? मी इतकी वर्षं वर्गात कविता शिकवल्या. वृत्त, अलंकार, संदर्भासह स्पष्टीकरण, सगळं केलं. पण गाऊन एकही दाखवली नाही. पोरं हसतील असं वाटायचं. जोशी शब्द कसा हलकेच सोडतात ते ऐकलं आणि वाटलं, फळा पुसून नुसतं हे ऐकवलं असतं तरी चाललं असतं.

आणि ती तबकडी? दादा गेल्यावर घर आवरताना मीच भंगारवाल्याला दिली. लाखेच्या त्या, दोन तर उचलतानाच फुटल्या. तेव्हा काही वाटलंही नाही. परवा नात म्हणाली, "अगं, आता मिळालं ना गाणं." मिळालं खरं. पण त्या खरखरीत आमच्या सुईची खरखर नव्हती.

नाशिकच्या वहिनी, माळ्यावरची पेटी दिवाळीत बघते म्हणाला होतात. बघितलीत का? काही टाकू नका हं, मी येतेच आहे.