भिंतीवरची नावे : कुलाब्याचे अफगाण चर्च

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले होते, ‘इंग्लंडच्या खेड्यांतली मध्ययुगीन अँग्लिकन चर्चेस म्हणतात, ती नेमकी कशी असतात?’ आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. उत्तराआधी शब्द तपासायची आम्हाला खोड आहे. आणि बघा, या शब्दांतच गाठ आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडून चर्चचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले ते १५३४ साली. म्हणजे मध्ययुगात ही चर्चेस बांधली गेली तेव्हा ती रोमन कॅथलिक होती. पुढे त्याच भिंतींवरच्या चित्रांवर चुना फिरला आणि लॅटिनच्या जागी इंग्रजी प्रार्थना आली. वास्तू तीच राहिली, पंथ बदलला.

आता तिची रचना. आपल्या देवळात गाभारा आणि सभामंडप असतो, तसेच तिथे दोन मुख्य भाग. पूर्वेकडचा चॅन्सेल वेदीचा आणि पाद्र्यांचा. पश्चिमेकडचा नेव्ह गावकऱ्यांचा. गंमत म्हणजे डागडुजीचीही वाटणी होती : चॅन्सेलची जबाबदारी धर्मगुरूची, नेव्हची गावाची. कोण कुठे उभा राहील आणि कोण कशाचा खर्च करील, हे दगडातच ठरलेले. वास्तुशास्त्र म्हणजे नुसती कमानींची नक्षी नव्हे, ते असे समाजशास्त्रही असते.

हे सगळे पाहायला इंग्लंडलाच जायला हवे असे नाही. देहूरोडहून लोणावळ्याला जा, तिथून मुंबईची गाडी धरा आणि कुलाबा गाठा. नेव्हीनगरच्या वाटेवर सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च आहे. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. पायाभरणी १८४७ ची, अभिषेक १८५८ चा. म्हणजे मध्ययुगाशी काळाचा काही संबंध नाही. मग ते तसे दिसते का? त्याचे असे झाले, की १८३९ साली केंब्रिजमध्ये एक संस्था निघाली. खरे चर्च म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातल्या खेड्यातले, असा तिचा आग्रह होता. टोकदार कमानी, रंगीत काचा, नेव्हपासून स्पष्ट वेगळा दिसणारा चॅन्सेल. हे वारे सगळ्या साम्राज्यात पसरले. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याने मुंबईत तोच नमुना उभारला. हाच गृहस्थ विहार तलावाच्या पाणीयोजनेचाही कर्ता, बरं का! आतल्या फरशा आणि सजावट विल्यम बटरफील्डची, काचा विल्यम वेल्सच्या. दगड मात्र इथलाच. सुमारे ६० मीटर उंचीचा निमुळता मनोरा पूर्ण झाला १८६५ मध्ये, आणि त्यासाठी देणगी दिली ती कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थांनी. इंग्रजांचे खेडे उभे राहिले ते असे, इथल्या दगडावर आणि काही अंशी इथल्या पैशावर.

पण आम्ही तिथे गेलो तेव्हा कमानींपेक्षा जास्त वेळ थांबलो ते भिंतीपाशी. हे चर्च म्हणजे १८३८ ते १८४३ च्या अफगाणिस्तान आणि सिंधच्या मोहिमांचे स्मारक आहे. पडलेल्या अधिकाऱ्यांची नावे चॅन्सेलच्या भिंतींवर, म्हणजे थेट गाभाऱ्यातच आहेत. आणि साधे शिपाई? स्मृतिलेख सांगतो की ते इतके होते, की त्यांची नावे तशी नोंदवता आली नाहीत.

याच युद्धात १८४२ च्या जानेवारीत काबूलहून सुमारे १६,००० माणसे माघारी निघाली. त्यांत लढणारे साधारण ४,५००, आणि त्यांतही बहुसंख्य हिंदी शिपाई. बाकीचे सारे बाजारबुणगे. पानिपतामुळे हा शब्द आपल्याला नवा नाही. बहुतेक सगळे बर्फात आणि गोळीबारात संपले. त्या बाजारबुणग्यांचा तर स्मृतिलेखात उल्लेखही नाही. गाभाऱ्यात अधिकारी, सभामंडपात बिननावाचे शिपाई आणि हे बिचारे दाराबाहेर. मध्ययुगीन नमुन्याची नक्कल करताना त्यातली उतरंडही आली, असे आम्हाला वाटते.

नावे कोरणे खरेच अशक्य होते का? आपल्याच जिल्ह्यात कोरेगाव भीमाला १८१८ च्या लढाईचा स्तंभ आहे. तो याच सत्तेने, या चर्चच्या कितीतरी आधी उभारला. त्यावर पडलेल्या हिंदी शिपायांची नावे आहेत. नावे होती, म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तिथे जाऊन उभे राहिले आणि ‘हे आमचे पूर्वज’ असे लोकांना सांगता आले. त्याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे तुम्हाला सांगायला नको.

देहूरोड हे डेपो आणि दारूगोळा कारखान्याभोवती वाढलेले गाव. इथे घरटी कुणी ना कुणी लष्कराच्या चाकरीत होता. म्हणून सांगतो, अफगाण चर्च परक्यांचे म्हणून टाळू नका आणि सुंदर आहे म्हणून नुसते फोटो काढून परतू नका. आधी नावे वाचा. मग नेव्हमध्ये येऊन घटकाभर उभे राहा. ज्यांची नावे लिहिली गेली नाहीत त्यांत आपले कोण होते, हा प्रश्न तिथेच पडतो. आम्हालाही तो तिथेच पडला.