अरुंद जबड्याचा इतिहास

दात काढल्यावर हिरडी भरून येते, एवढेच आपणांस ठाऊक असते. प्रत्यक्षात ज्या हाडाने दात धरून ठेवला, तेही त्याच्यामागोमाग झिजू लागते. वर्षभरातच त्याची सुमारे निम्मी रुंदी नाहीशी होते. कवळीखाली ही झीज चालूच राहते. म्हणून वर्षानुवर्षे कवळी वापरलेल्या वृद्धांस ‘इम्प्लांटसाठी हाड उरलेले नाही’ असे उत्तर मिळत आले आहे.

मुळात इम्प्लांट हा योगायोगाचा शोध. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरण न्याहाळीत होते. त्यासाठी बसविलेली टायटॅनियमची नळी प्रयोगाअंती निघेना. हाडाने तिला आपलेसे केले होते! १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसविले. २००६ मध्ये लार्सन निवर्तले, तोवर त्या दातांनी साथ दिली.

परंतु चार मिलिमीटर जाडीच्या स्क्रूभोवती दोन्ही अंगांस किमान एकेक मिलिमीटर हाड हवे. ते नसेल तर कमरेचे किंवा हनुवटीचे हाड काढून जबड्यावर बसवीत. म्हणजे एका व्यथेसाठी दुसरी जखम. इटलीच्या मास्सिमो सिमिओन यांनी १९९२ मध्ये वर्णिलेली रीत मला अधिक सुज्ञपणाची वाटते. सुतार लाकडात पाचर ठोकतो, तद्वत हाडाच्या माथ्यावर मधोमध चीर पाडून बाहेरची भिंत हळूहळू सरकवावयाची आणि त्या फटीत इम्प्लांट बसवावयाचा. १९९४ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट समर्स यांनी हाड कोरून टाकण्याऐवजी क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या हत्यारांनी बाजूस दाबण्याची पद्धत मांडली. वरच्या जबड्याचे हाड मऊ असल्याने ती तेथे विशेष चालते.

खालचा जबडा मात्र हट्टी. त्याचे हाड घट्ट. घाई केल्यास भिंतच मोडते. म्हणून काही शल्यविशारद प्रथम केवळ चिरा पाडून हिरडी शिवतात व तीन-चार आठवड्यांनी हाड फाकवितात. २००० साली तोमासो वेर्चेलोत्ती यांनी या कामी श्राव्यातीत कंपनांचे हत्यार वापरले. ते हाड कापते, मऊ ऊतींना सहसा इजा करीत नाही.

तरीही मुळात तीन मिलिमीटर रुंदी आणि दोन भिंतींमध्ये थोडे सच्छिद्र हाड असावेच लागते. फाकविण्याने उंची वाढत नाही, तिच्यासाठी हाडाचे रोपण किंवा अन्य उपाय करावे लागतात.