घर पाहण्याचा उजेड

नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याच्या आजूबाजूची गावं कवेलूची, म्हणजे कौलारू, होती तोवर घर तपासायला ऊन पुरत होतं. मृग लागायच्या आत, मे महिन्यातल्या भर दुपारी, माझे बाबा लोकांच्या घरात शिरून सगळी दारं-खिडक्या लावून घेत. आत अंधार झाला की छपरातून उतरलेले कवडसे शेणानं सारवलेल्या जमिनीवर उठून दिसत. कवडसा पडला म्हणजे वरचं कवेलू सरकलंय, फुटलंय किंवा माकडांनी उलथवलंय. पण ऊन तिरपं येतं, त्यामुळे कवडशाच्या नेमकं डोक्यावर भोक नसतं. बाबा त्या कवडशात चेहरा धरून, डोळे बारीक करून वर पाहत, मग भोक सापडे. त्यातून ते बांबूची कमची वर सारत. छपरावर बसलेल्या गड्याला कमचीचं टोक दिसलं की तो तिथलं कवेलू बदली. "घर पाह्याचं असन त दुपारीच पाहाव," हे त्यांचं ठाम मत होतं. कवेलू फेरणं हे त्यांचं पावसाळ्याआधीचं काम, आणि घरातला दोष शोधायचं पहिलं शिक्षण मला तिथे मिळालं.

तेव्हा कुंभाराची अर्धगोल देशी कवेलू असत. सरकारी इमारतींवर आणि सधन घरांवर चपटी, एकमेकांत अडकणारी इंग्रजी कवेलू. ही कवेलू मुळात मंगळुरूची. बासेल मिशनने 1865 मध्ये तिथे कारखाना काढला. इंग्रजी कवेलू सहसा हलत नाहीत, पण कवडशाची युक्ती दोन्हींना लागू पडे. छप्पर स्वतःच आपली दुखणी सांगत असे. भिंतींचं मात्र तसं नव्हतं.

मातीची भिंत आतून पोखरली जाते. उदई जमिनीतून येते, लाकडी खांबाच्या मागच्या अंगानं मातीची नळी बांधत चढते आणि थेट मयालीत, म्हणजे छपराच्या तुळईत, शिरते. ती बरोबर माजघरात, धानाच्या ढोल्यांमागे, देवघराच्या कोनाड्याखाली, म्हणजे ऊन कधीच पोचत नाही अशा जागी सापडते. तिथे चिमणी किंवा कंदील न्यावा लागे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होता, आमच्या घरातही तो होता. बाबा तो हातात उंच धरत नसत. भिंतीच्या पायथ्याशी, भिंतीला जवळजवळ चिकटवून ठेवत आणि स्वतः चार पावलं मागे सरत. उजेड भिंतीला घासून वर गेला की उदईच्या नळीची सावली पडे, भिंतीनं पोट काढलं असेल तर त्या फुगवट्याची पडे, चिरेची तर काळी रेघच उमटे. कंदिलाचा उजेड किती असणार? पण तो बाजूने येत होता. मी आजवर जेवढी घरं तपासली, ती याच एका गोष्टीच्या भरवशावर.

बॅटरी, म्हणजे सेलवरचा टॉर्च, आमच्याकडे बरीच उशिरा पोचली. तिचं पेटंट अमेरिकेत जानेवारी 1899 मध्ये डेव्हिड मिसेल याला मिळालं आणि पुढे त्याच धंद्यातून एव्हरेडी हे नाव जगभर गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एव्हरेडीचे सेल हिंदुस्थानात येत होते. नंतर ते इथेच बनू लागले. नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर असलेला तो लाल सेल बनवणारी कंपनी होती युनियन कार्बाइड इंडिया, म्हणजे 1984 नंतर भोपाळमुळे जिचं नाव घ्यायलाही नको वाटावं तीच. 1994 मध्ये ती कलकत्त्याच्या खेतान समूहाकडे गेली आणि तिला एव्हरेडी हेच नाव मिळालं. खेड्यातल्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला दोन सेलची बॅटरी हवी होती, कारण पेंचच्या कालव्याचं पाणी रात्रीच्या पाळीला आलं की धानाच्या बांधावर पाय ठेवण्याआधी साप पाहावा लागे. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी एखाद-दुसरी रात्र निघायची. विसरलेले सेल पाझरायचे, स्प्रिंग हिरवी पडायची आणि ती चाकूनं खरवडून बॅटरी पुन्हा चालू करायची, हा घरोघरचा उद्योग होता.

घर पाहायला मात्र ही बॅटरी फारशी उपयोगी नव्हती, असं मी अनुभवानं म्हणतो. तिच्यात 2.5 व्होल्टचा, पाऊण वॅटचा बल्ब असे. भिंतीवर मारली की मध्ये तापलेला ठिपका, भोवती काळं वलय, त्याभोवती पुन्हा पिवळं. या वलयांत चीर कोणती आणि बॅटरीची सावली कोणती ते कळत नसे. दुसरं म्हणजे, बॅटरी हातात आली तसे लोक उजेड सरळ समोर मारू लागले. सरळ मारलेला उजेड सावल्या पुसून टाकतो. कंदिलासोबत तिरपा उजेडही गेला, आणि त्याची आठवण ठेवणारे मिस्त्रीही कमी झाले.

पुन्हा पुन्हा चार्ज होणारा दिवा आमच्या जिल्ह्यात दुकानातून आला नाही, तो आधी खाणीत आला. मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणींचा कारभार 1962 पासून मॉइलकडे आहे. खाणीत एके काळी कार्बाइडची बत्ती चाले. पाण्याचे थेंब कार्बाइडवर पडून निघणाऱ्या गॅसवर ती जळे. कोळशाच्या खाणीत उघडी ज्योत म्हणजे मरण, म्हणून तिथे टोपीचा विजेचा दिवा. सिल्लेवाडा, पाटणसावंगीकडे वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये, काम केलेल्या कुणालाही विचारा, तो लॅम्प रूमचं वर्णन करील: पाळी सुरू होताना बिल्ला देऊन दिवा घ्यायचा, कमरेला जड बॅटरी बांधायची, वर आल्यावर दिवा परत चार्जिंगला. आपल्या हातातला छोटा टॉर्च त्या दिव्याचा वारस आहे. हल्ली काही तपासणीवाले तसाच डोक्याचा दिवा वापरतात. शिडीवर हात मोकळे राहतात हे खरं, पण तो उजेड डोळ्यांच्याच दिशेने जातो आणि भिंत सपाट दिसू लागते. चढायला तो दिवा वापरा. पाहायला हातातलाच घ्या.

पुढे घरंच बदलली. कवेलू उतरली, टिना आल्या, मग स्लॅब. मौद्यात एनटीपीसीचं वीज केंद्र उभं राहू लागलं तसं भाड्याच्या रूमा काढायची लाटच आली. 2013 मध्ये पहिल्या संचाची व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली, आता चार संच मिळून क्षमता 2,320 मेगावॉट आहे. रस्त्याच्या कडेला, शेताच्या तुकड्यांवर, जुन्या सांदवाड्यांत रूमा झाल्या. काही उत्तम होत्या. काही अशा घाईत झाल्या की सळईखाली दोन बोटंही काँक्रीट नव्हतं. स्लॅबमधून कवडसा पडत नाही. वरून गिलावा, पुट्टी, रंग, दोष आत. कवेलूच्या छपरानं कधी काही लपवलं नव्हतं, स्लॅबचं घर सगळं लपवतं. म्हणून टॉर्च आता या कामातलं मुख्य हत्यार झालं.

त्याआधीची एक रात्र नोंदवायलाच हवी. 22 मे 1997 ला पहाटेच्या अंधारात जबलपूरचा भूकंप झाला आणि नागपूरपर्यंत हादरा जाणवला. किल्लारीचा भूकंप होऊन चार वर्षंही झाली नव्हती. लोक आपापल्या घरातल्या चिरा दाखवायला बोलावू लागले. बहुतेक चिरा जुन्याच होत्या. इथल्या काळ्या मातीत जमीन उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली चीर मे महिन्यात रुंदावते आणि भादव्यात मिटते. जुनी चीर ओळखायची खूण म्हणजे तिच्यात बसलेली धूळ आणि कोळिष्टक. नवीन चिरेच्या कडा स्वच्छ, धारदार असतात. हे पाहायला उजेड चिरेत तिरपा उतरावा लागतो आणि त्याचा रंग खरा असावा लागतो. त्या वर्षी हातात पिवळ्या बल्बचीच बॅटरी होती.

बदल दोन शोधांनी घडवला. 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला. 1993 मध्ये जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी तयार केला. त्याच्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड निघाला. दोन्ही शोधांना नोबेल मिळालं, एलईडीला 2014 मध्ये, सेलला 2019 मध्ये. पण आमच्या बाजारात आधी आला तो याचा स्वस्त भाऊ: पोटात शिशाची बॅटरी, मागे घडीची दोन पिन, पुढे दहा-बारा एलईडी, उजेड निळसर. चार महिने चार्ज न करता ठेवला की तो मेलाच. अशा टॉर्चवर पैसे घालवू नका, मी स्पष्ट सांगतो.

घर तपासायला टॉर्च घ्यायचा तर मी काय पाहतो ते सांगतो. हजारो ल्यूमेनचा दावा करणारे टॉर्च काही मिनिटांत तापतात आणि आपोआप मंद होतात. बंद खोलीत 300 ते 500 ल्यूमेन भरपूर झाले, आणि मंद उजेडाची पायरी हवीच, कारण चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर जास्त उजेड डोळे दिपवतो. उजेडाचा झोत पसरट आणि एकसारखा हवा, मध्ये तापलेला ठिपका नको. दूर झोत फेकणारा टॉर्च शेतासाठी ठीक. रंगाला मी सर्वांत वरचा मान देतो. खोक्यावर रंगनिष्ठतेचा आकडा, सीआरआय, 90 किंवा अधिक लिहिलेला असेल आणि उजेड 4,000 ते 5,000 केल्विनचा असेल तर तो घ्या. निळसर उजेडात जुन्या गळतीची पिवळट कड नाहीशी होते, शेवाळ आणि साधा मळ सारखाच दिसतो. सेल 18650 मापाचा, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब, आणि काढून बदलता येणारा असावा. चार्जिंग मोबाइलच्याच टाइप-सी वायरने. बुडाला लोहचुंबक असेल तर टिनाच्या दाराला चिकटवून दोन्ही हातांनी काम करता येतं. टाकीत डोकावताना पाण्यात पडला तर टिकावा, म्हणून आयपी67 असला तर उत्तम. मुठीत मावावा, एवढंच माप.

आणि नागपूरचा उन्हाळा विसरू नका. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश तापमान होतं. लिथियम सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नये. मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर पडलेला टॉर्च घरी आणून लगेच चार्जिंगला लावणं म्हणजे सेलचं आयुष्य कापणं. आधी निवू द्या.

आता एका रूमच्या न्हाणीघराचं छत पाहू. खोलीतला दिवा बंद, दार लोटलेलं. टॉर्च छताला दोन बोटांवर आणून आडवा धरायचा आणि हळूहळू सरकवायचा. सपाट वाटणाऱ्या छतावर फुगवटे उमटतात, प्रत्येकामागे लांब सावली. तिथे बोटाच्या पेरानं ठोकलं की बद्द आवाज येतो, गिलावा सुटलाय. पुढे पांढरी, भुरभुरीत कड दिसते, तो लोणा. पाणी तिथून जातंय. मग टॉर्च जरा खाली घेऊन रंग पाहायचा. तांबूस रेषा सरळ आणि ठरावीक अंतरावर असतील तर सळया गंजू लागल्या आहेत, आणि ते दुखणं पुट्टीनं बरं होत नाही. नकाशासारख्या केसाएवढ्या भेगा असतील तर गिलाव्याला पाणी कमी पाजलंय. त्यानं घर पडत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ आणि तारीख टाकायची. पुढच्या ऋतूत टोक रेघेपुढे गेलं असेल तर चीर जिवंत आहे.

2020 च्या ऑगस्टअखेर पेंच-कन्हानच्या पुरानं मौदा, कामठी, पारशिवनी, कुही या तालुक्यांतल्या घरांत पाणी शिरलं. मातीची भिंत पुरात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर दोन-चार दिवसांनी बसते. तोवर ती फक्त ओली दिसते. पंचनाम्याला येणाऱ्या माणसांना एका दिवसात अनेक घरं पाहायची असतात, वीज गेलेली असते. 2022 मध्ये ठरलेल्या केंद्रीय निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या किंवा फार मोठं नुकसान झालेल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये आहेत. अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी 6,500, कच्च्यासाठी 4,000, आणि तेही नुकसान किमान 15 टक्के असेल तरच. ओल्या, अंधाऱ्या माजघरातली भिंत पाहताना पायथ्याची चीर नजरेतून सुटली तर एका कुटुंबाच्या पदरात काय पडणार, हे या आकड्यांतून दिसतं. प्रत्येक ग्रामपंचायतीत असा एक चांगला टॉर्च चार्ज करून ठेवलेला असावा, आणि तो भिंतीला लावून तिरपा धरायचा हे तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल यांना दाखवून दिलेलं असावं, ही माझी मागणी आहे.

मौद्यात घर किंवा रूम विकत घेणाऱ्यांनाही विनंती आहे. भिंती नव्यानं रंगवल्या असतील तर घाई करू नका. पावसाची झड लागून उघडली की दुसऱ्या दिवशी जा, आतले दिवे बंद करायला सांगा आणि न्हाणीघराचं छत, खिडक्यांचे कोपरे, भिंतींचे पायथे तिरप्या उजेडात पाहून घ्या. इसाराची रक्कम त्यानंतरच द्या.